ती भिंतीवरची

पत्र: ताई नमस्कार, मी 33 वर्षांची आहे, डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर वाढले, दोन वर्षांपूर्वी मिस्टरांची बदली कणकवलीला झाली आणि आम्ही इथे एका कौलारू घरात भाड्याने राहतो. घर छान आहे, पण भिंतीवर ती असते. संध्याकाळी सातनंतर मी ओट्याजवळ जातच नाही, स्वयंपाक उजेडातच उरकते. बाथरूमला जायचं तर मिस्टर आधी झाडू आपटून येतात, मग मी जाते. घरभर मोरपिसं, अंड्याची टरफलं, डांबराच्या गोळ्या ठेवल्यात. मी आठ वर्षांची असताना मामेभावाने रबराची एक माझ्या मांडीवर टाकली होती, सगळे हसले होते, तेव्हापासून हे आहे. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत. जाऊ म्हणते एकदा हातात धर म्हणजे भीती मोडेल. आता माझी 5 वर्षांची मुलगी पण माझ्यासारखीच किंचाळायला लागलीये. मला वेड लागलंय का? यावर काही गोळी असते का? मिस्टर हसतात मला, पण त्यांना स्वतःला रक्त तपासायला सुई टोचली तरी चक्कर येते, ते मात्र कोणी नाटक म्हणत नाही.

उत्तर:

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एवढ्या मोठ्या पत्रात तू तिचं नाव एकदाही लिहिलेलं नाहीस. सगळीकडे ‘ती’. म्हणून मीही वरच्या मथळ्यात लिहिलं नाही, नाहीतर तू पेज उघडलंच नसतंस. पण पुढच्या परिच्छेदात मी तो शब्द लिहिणार आहे. आधी सांगून लिहितेय, अचानक नाही. छातीत धडधडलं तर धडधडू दे, फोन बाजूला ठेवू नकोस, वाचत राहा.

पाल.

झालं. पाल पाल पाल. आता बघ, शब्द वाचला, छातीत काहीतरी झालं असेल, आणि तू अजून वाचतेयस. या दुखण्यावरचा जो खरा उपाय आहे ना त्याचा पहिला घास तू आत्ताच खाल्लास, बाकीचं ताट तसंच आहे, फक्त मोठं आहे.

आधी वेडाचं बोलू. वेड वगैरे काही नाही. याला फोबिया म्हणतात, मराठी पुस्तकांत भयगंड म्हणतात. साधी भीती आणि फोबिया यात फरक एवढाच की साध्या भीतीत माणूस दचकतो आणि कामाला लागतो, आणि फोबियात कामच भीतीच्या वेळापत्रकाने चालायला लागतं, तुझा स्वयंपाक सातच्या आत उरकतो तसं. सहा महिने किंवा जास्त टिकली, धोक्याच्या मानाने फारच मोठी असली आणि रोजच्या जगण्याच्या आड आली की डॉक्टर तिला फोबिया म्हणतात, आणि तुझं तर पंचवीस वर्षांचं खातं आहे. जगभरातल्या पाहण्यांत शंभरातल्या सातेक माणसांना आयुष्यात कधीतरी असा एखादा फोबिया होतो, बायकांत पुरुषांच्या साधारण दुप्पट, आणि प्राण्यांची भीती बहुतेकदा लहानपणीच बसते. म्हणजे तुझ्या गल्लीतच दोनचार जणी निघतील, फक्त कुणी बोलत नाही कारण लोक हसतात. सासूबाईंना सांग, नाटक करणारा माणूस प्रेक्षक असताना करतो, तू तर रात्री दोन वाजता एकटी लघवी दाबून बसत असशील. (पत्रात नाही लिहिलंस, पण बसतेस ना?)

आता ही भीती पंचवीस वर्षं टिकली कशी, ते नीट समजून घे कारण सगळी किल्ली तिथे आहे. मामेभावाने केलं ते वाईटच होतं, सुरुवात तिथे झाली असेल. पण आठ वर्षांच्या पोरीच्या मांडीवर पडलेलं रबराचं खेळणं एवढी वर्षं पुरत नाही. ते पुरतं कारण आपण रोज त्याला खायला घालतो. कसं? तू स्वयंपाकघरात गेलीस, पाल दिसली, छाती धडधडली, तू पळालीस, बाहेर आल्याबरोबर कसं हायसं वाटलं. ते हायसं वाटणं म्हणजेच भीतीचा पगार. मेंदूने हिशोब केला की पळालो म्हणून वाचलो, पुढच्या वेळी अजून लवकर पळू. तू थांबली असतीस तर काय झालं असतं हे मेंदूला कधी कळलंच नाही, कारण तू कधी थांबलीच नाहीस. आणि थांबायची वेळ येऊ नये म्हणून मिस्टर झाडू घेऊन पुढे, दारात मोरपिस, खिडकीत टरफलं, म्हणजे आज पाल अंगावर आली नाही याचं सगळं श्रेय मोरपिसाला. बिचाऱ्या पालीला, ती मुळात येणारच नव्हती, याचं श्रेय कोणी देत नाही.

डांबराच्या गोळ्या मात्र आजच्या आज उचल, हे उपचाराचा भाग म्हणून नाही, वेगळं सांगतेय. घरात पाच वर्षांची पोर आहे, गोळी पांढरी, पेपरमिंटसारखी दिसते, पोटात गेली तर खरोखर विषारी. आपल्याकडची घरातली पाल विषारी नसते, गोळी असते. म्हणजे बिनविषारी प्राण्याला घाबरून आपण घरभर विष मांडून ठेवलंय. (दुधात पाल पडली तर दूध फेकून द्यायचं हे बरोबरच आहे, पण ते तिच्या अंगावरच्या जंतूंमुळे, साल्मोनेला वगैरे, विषामुळे नाही.)

माझी आजी पाल चुकचुकली की बोटाने जमिनीवर टकटक करून कृष्ण कृष्ण म्हणायची, आणि पंचांगात पल्लीपतनाचं अख्खं कोष्टक असायचं, डोक्यावर पडली तर हे फळ, खांद्यावर पडली तर ते. आपण याच घरांत वाढलोय, शंका आली तरी आपल्या भाषेत तिचीच पाल चुकचुकते, तर थोडी धास्ती रक्तात असणारच. मी काही तुला पालीवर प्रेम कर म्हणत नाहीये. मला स्वतःला ती आवडत नाही. गेल्या जूनमध्ये दाराच्या चौकटीवरून एक माझ्या खांद्यावर पडली, गार, ओलसर, वजन म्हणशील तर रबरबँडच्या गुंडाळीएवढं, मी ओरडले, ती माझ्यापेक्षा जास्त घाबरून दंडावरून सरकून खाली आणि कपाटामागे, सगळं मिळून दोन सेकंद. मग मी ब्लाउज बदलला आणि भाजी फोडणीला टाकली. तुला एवढंच गाठायचंय, ओरडायचं, ब्लाउज बदलायचा आणि फोडणी द्यायची.

म्हणूनच मी तुला ‘ती अंगावर पडणारच नाही’ असं वचन देणार नाही. कोकणात, पावसाळ्यात, कौलारू घरात, ट्यूबलाइटखाली किडे जमतात आणि किड्यांमागे त्या जमतात, एखादी कधीतरी पडेलही. उपचारात शिकायचं ते ‘काही होणार नाही’ हे नाही, तर ‘झालं तरी मी निभावते’ हे आहे.

आता गोळीचं. फोबिया घालवणारी गोळी नाही. झोपेच्या किंवा चिंतेच्या ज्या गोळ्या असतात, अल्प्राझोलामसारख्या, त्या दोनचार तास धार बोथट करतात पण मेंदूला शिकू देत नाहीत, आणि सवय लागते ते वेगळंच. शेजारीण देते म्हणून तर अजिबात घेऊ नकोस. याच्यावर चालणारा उपाय शंभर वर्षं जुना आहे. 1924 मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली होती. कशी, तर पोरगा खुर्चीत बसून आवडीचं खातोय आणि ससा पिंजऱ्यात लांब कोपऱ्यात, मग दिवसादिवसाने थोडा जवळ, मग पिंजऱ्याबाहेर, मधूनमधून न घाबरणारी दुसरी मुलं सोबत, आणि शेवटी सशाने बोटं कुरतडली तरी पीटर मजेत. आज याला एक्सपोजर म्हणतात आणि बरंच सुधारलंय, पण गाभा तोच, पायरीपायरीने जवळ जायचं आणि पळायचं नाही.

मग जाऊबाई म्हणतात तसं एकदम हातात का नाही धरायची? कारण तुझा मामेभाऊ नेमकं तेच करून गेला. फरक काय ते सांगते. स्वीडनमध्ये लार्स-गोरान ओस्त नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1989 मध्ये दाखवलं की अशी भीती एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत, बरीचशी उतरवता येते, म्हणजे झटपट होऊच शकत नाही असं नाही. पण तिथे प्रत्येक पायरीआधी माणसाला सांगतात, आधी स्वतः करून दाखवतात, त्याने हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत, फसवाफसवी शून्य. लगाम तुझ्या हातात हवा. जाऊबाईंनी मागून येऊन हातात ठेवली तर तो उपचार नाही, तो मामेभाऊ पार्ट टू.

तर एक दोनशे पानी वही घे. पहिल्या पानावर फक्त पाल हा शब्द लिही, वीस वेळा, मोठ्या अक्षरात, मोठ्याने म्हणत. हसू आलं तर येऊ दे. भीतीला दहापैकी मार्क दे, समज सहा आले, तर पाच मिनिटांनी परत दे, मग परत दे. ते मार्क खाली येतात, तू काही न करता येतात, हे स्वतःच्या अक्षरात वहीत दिसणं फार महत्त्वाचं आहे, कारण तुला आत्ता वाटतं की भीती चढत चढत जाईल आणि मग मी मरेन किंवा वेडी होईन. तसं होत नाही, शरीराकडे एवढं इंधनच नसतं, धडधड साधारण दहाएक मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरायला लागते, भरतीसारखी. दुसऱ्या दिवशी पालीचं चित्र काढ, वाईट काढ, चार पाय आणि शेपूट एवढं जमलं तरी बास. मग मोबाइलवर फोटो, आधी लहान आणि ब्लॅक अँड व्हाइट, मग मोठा आणि रंगीत, स्क्रीनवर बोटाने तिच्या पाठीला हात लाव. हे ऐकूनच तुझ्या बोटाला मुंग्या आल्या असतील, ठीक आहे. मग व्हिडिओ, चुकचुकण्याच्या आवाजासकट. मग रबराची एक विकत आण, यावेळी तू स्वतः, पैसे देऊन, बाजारातून. टेबलावर ठेव, तिच्याशेजारी बसून चहा पी.

खरीखुरी यानंतर. आणि इथे घाई करू नकोस, इथेच सगळे घाई करतात आणि आपटतात. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहा आणि ट्यूबलाइटच्या पट्टीमागे असते ना नेहमीची, तिच्याकडे बघ. उभं राहण्याआधी वहीत लिही की तुला काय होईल असं वाटतंय, अगदी स्पष्ट: ‘ती उडी मारून माझ्या तोंडावर येईल’ किंवा ‘मी बेशुद्ध पडेन’. मग वीस मिनिटं थांब आणि काय झालं ते त्याच्यासमोर लिही. बहुतेक वेळा तू लिहिशील की तिने एक चिलट खाल्लं आणि परत तशीच चिकटून राहिली. जरा निरखून बघ तिला, पापण्या नसतात म्हणून ती जिभेनेच डोळा पुसते, पायाच्या बोटांखाली इतके बारीक केस असतात की गुळगुळीत काचेवरही चिकटते, आणि जीव वाचवायला शेपूट सोडून पळते, म्हणजे बघ, तिच्या हिशोबात झाडू घेतलेली राक्षसीण तू आहेस. बघायला लागलं की घाबरायला जरा कमी जागा उरते, असा माझा अनुभव.

थांबायचं म्हणजे खरं थांबायचं हं. डोळे मिटून, मैत्रिणीशी फोनवर बोलत, ओढणी डोक्यावरून घेऊन थांबलं तर ते पळणंच झालं, फक्त उभ्याने. रामरक्षा म्हणायला माझी ना नाही, पण भिंतीकडे बघत म्हण. आणि मार्क निम्म्यावर येईपर्यंत किंवा वहीतलं भाकीत खोटं ठरेपर्यंत दारातून हलायचं नाही, कारण दहावर असताना पळालीस तर त्या दिवशीचाही पगार भीतीलाच मिळाला. फारच झालं तर एक पायरी खाली उतर, दोन पावलं मागे जा, पण घराबाहेर पळू नकोस.

दारातून ओट्यापर्यंत जायला तुला दोन आठवडे लागतील की दीड महिना, मला माहीत नाही आणि त्याने काही फरक पडत नाही, रोज थोडं व्हायला पाहिजे. ओट्यावर जमलं की बाथरूम वेगळं कर, माहेरी गेलीस तर तिथलं वेगळं कर, कारण भीती जागेला चिकटून असते, घरात गेली म्हणून सासरच्या माडीवर गेलेली असेलच असं नाही. आणि थंडीत त्या कमी दिसतात तेव्हा ‘मी बरी झाले’ म्हणून वही बंद करू नकोस, पुढच्या पावसाळ्यात परत दारात उभी राहा.

मिस्टरांचा झाडू एकदम बंद करायचा नाही, उतरवायचा. या आठवड्यात ते बाथरूमच्या आत न जाता दारातून बघतील. पुढच्या आठवड्यात नुसते पॅसेजमध्ये उभे राहतील. मग खोलीतूनच ‘जा गं’ म्हणतील. मग झोपतील. मोरपिसं पण तशीच, रोज एक काढ. हे त्यांना नीट समजावून सांग, नाहीतर प्रेमापोटी ते झाडू आपटत राहतील आणि तुझा प्रत्येक दिवस वाया जाईल.

लेकीचं. इथे मला थोडं जास्त लिहू दे कारण तुझ्या पत्रात मला खरी काळजी त्या एका ओळीची वाटली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात सुझन मिनेका या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात माकडांवर प्रयोग केले होते. प्रयोगशाळेत जन्मलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती, पण जंगलात वाढलेलं माकड साप बघून घाबरतंय हे त्यांनी नुसतं बघितलं आणि तीही घाबरायला लागली, साप चावला नाही, जवळ आला नाही, फक्त दुसऱ्याचं तोंड बघितलं. गंमत म्हणजे व्हिडिओत जोडतोड करून माकड फुलांना घाबरतंय असं दाखवलं तर फुलांची भीती काही बसली नाही, म्हणजे काही भीतींसाठी मेंदूत आधीच खड्डा खणलेला असतो, बी पडलं की उगवतं. पण त्यांचा अजून एक प्रयोग मला जास्त आवडतो. ज्या माकडांनी आधी न घाबरणाऱ्या माकडाला सापाजवळ शांत बसलेलं बघितलं होतं, त्यातल्या बहुतेकांना नंतर घाबरलेलं माकड बघूनही भीती चिकटली नाही. म्हणजे लस टोचल्यासारखं. तर मुलीला तुझ्या तोंडापासून लांब ठेव असं मी म्हणत नाही, तुझं तोंड एका दिवसात बदलणारही नाही. पण तिचे बाबा घाबरत नाहीत ना पालीला? मग रोज संध्याकाळी बाबा आणि ती मिळून भिंतीवरच्या पालींना नावं देऊ देत, बंडू, चिंगी, काय हवं ते, आज बंडूने किती किडे खाल्ले मोजू देत. आणि तिला सांग, आई घाबरते, आई शिकतेय, तुझ्यासारखाच आईचा पण गृहपाठ आहे. वही दाखव तिला. मार्क ती लिहिल.

आता मिस्टर. हसतात ना? त्यांना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखव. सुई आणि रक्ताची भीती ही पण फोबियाच, फक्त वेगळ्या जातीची. तुझ्या भीतीत रक्तदाब वाढतो म्हणून तू बेशुद्ध पडत नाहीस (वहीतलं ते भाकीत खोटं ठरतं ते म्हणूनच). रक्ताच्या भीतीत आधी ठोके वाढतात आणि मग एकदम ठोके नि दाब दोन्ही खाली येतात, म्हणून धडधाकट माणूस लॅबच्या खुर्चीत आडवा होतो. हे घराण्यात चालतं, त्यांच्या वडिलांना किंवा बहिणीला विचारा, निघेल कोणीतरी. त्यांना ‘अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या’ असं कोणी सांगितलं असेल तर ते उलटंच आहे, सैल सोडलं तर दाब अजून पडतो. त्यांनी अंग ताणायचं. हात, मांड्या, पोट घट्ट आवळायचे, दहापंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग वीसतीस सेकंद सोडायचं पण पूर्ण ढिलं नाही पडायचं, असं पाच वेळा. आठवडाभर घरी खुर्चीत बसून सवय करायची, मग लॅबमध्ये सुईच्या आधी. टोचायचा हात तेवढा सैल ठेवायचा. ही पद्धतही ओस्तनेच नीट बसवून दाखवली.

कधी डॉक्टरकडे जायचं? वहीच्या पहिल्या दोनतीन पायऱ्याच तीन आठवड्यांत होईनात, किंवा पाल नसतानाही धडधड होते, झोप उडालीये, जेवण कमी झालंय, किंवा लहानपणाचं अजून काही मोठं आठवून रडू येतंय, तर एकटीने झुंजू नकोस. तसंच हृदयाचं काही दुखणं असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी विचारून सुरू कर. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 2022 पासून सुरू आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलीस तर एकच प्रश्न विचार, ‘तुम्ही एक्सपोजर करता का?’ हो म्हणाले तर बस. ‘दोन सेशनमध्ये संमोहनाने मुळापासून, आजच ऑफर’ म्हणाले तर पर्स उचल.

टरफलांचं राहिलं. ती कुंडीत टाक, मोगऱ्याला बरी.

पहिल्या पंधरा दिवसांचे मार्क मला पाठव, फोटो काढून पाठवलेस तरी चालेल. आणि पुढच्या पत्रात तिचं नाव लिही.